आवाज पकडला, वेग सुटला

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादच्या हुसेनसागर तलावाकाठी विजेवर धावणाऱ्या मोटारींची 'फॉर्म्युला ई' ही जागतिक शर्यत झाली. अशी शर्यत भारतात होण्याचा तो पहिलाच प्रसंग. सचिवालयाच्या परिसरातून वळणावळणांनी जाणाऱ्या २.८३ किलोमीटरच्या मार्गावर फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न विजयी झाला. पुढील वर्षीची शर्यत मात्र रद्द झाली आणि तिच्यासाठी झालेल्या खर्चाचे प्रकरण राजकारणाच्या व न्यायालयांच्या वाटेने गेले. त्या वादाशी आज आम्हांस कर्तव्य नाही. त्या शर्यतीतील एका गोष्टीकडे मात्र वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. त्या मोटारींत ३५० किलोवॅट शक्ती निर्माण करण्याची क्षमता होती, परंतु प्रत्यक्ष शर्यतीत, नियमानेच मोकळीक दिलेला थोडा काळ सोडला तर, ३०० किलोवॅटच्या वर जाण्यास मनाई होती. प्रत्येक गाडीची तपासणी होत होती आणि दोन्ही बाजूंस संरक्षक भिंती उभारलेल्या होत्या. वेग हाच ज्यांचा धर्म, त्यांनीही वेगाला वेसण घालून घेतली होती.

त्याच हैदराबादेत रात्री उशिरा निराळ्याच शर्यती लागतात. माधापूर-रायदुर्ग भागातील रुंद, गुळगुळीत रस्त्यांवर शर्यती व कसरती करणाऱ्या तरुणांची धरपकड पोलिसांना वारंवार करावी लागली आहे. तेथे ना भिंती, ना तपासणी, ना शक्तीची मर्यादा. उलट, गाडी कारखान्यातून जशी आली तशी ठेवणे हेच तेथे कमीपणाचे मानले जाते. गॅरेजात नेऊन इंजिनाची ताकद वाढवून घेण्याचा हा शौक आता कोणत्याही एका शहरापुरता उरलेला नाही.

ही ताकद वाढते कशी, हे समजून घेतल्यावाचून त्यावर मत देणे उचित नव्हे. पेट्रोलच्या एका भागाला पुरते जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. अधिक ताकद हवी तर अधिक इंधन जाळावे लागते आणि त्यासाठी अधिक हवा कोंबावी लागते. हवा दाबून आत ढकलणारा टर्बो हेच काम करतो. आजच्या मोटारीत इंधन किती व केव्हा सोडावे, टर्बोचा दाब किती ठेवावा, हे सारे एक छोटा संगणक ठरवतो. उन्हाळा, घाट, भेसळीचे इंधन आणि हयगयीने वागणारा मालक, या साऱ्यांचा विचार करून कारखाना काही ताकद हातची राखून ठेवतो. गॅरेजातील कारागीर त्या संगणकातील आज्ञावली बदलतो आणि ती राखीव ताकद मोकळी करतो. तास-दोन तासांत गाडीचा स्वभाव पालटतो. बॉनेट उघडून पाहिले तरी बाहेरून काहीही बदललेले दिसत नाही.

कारागिराच्या बुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु ही उधारी कोणीतरी फेडावीच लागते. दाब वाढला की उष्णता वाढते, इंधन अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते, पिस्टन आणि क्लच यांचे आयुष्य घटते. धूर शुद्ध करणारे उपकरण वाटेत अडथळा करते म्हणून ते काढून टाकले, तर विषारी वायू सरळ रस्त्यावरच्या माणसाच्या छातीत जातात. सर्वांत गंभीर गोष्ट ही की ताकद वाढवून घेणारा मनुष्य ब्रेक व टायर बहुधा जुनेच ठेवतो. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा वेग दीडपटच असतो, परंतु तिचा आघात सव्वादोनपट होतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ता-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी दहांतील सात मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. अतिवेगाला सुधारित इंजिन लागतेच असे नाही, हे खरे. पण ज्या देशात साध्या इंजिनाचा वेग आवरत नाही, तेथे त्यात भर कोणत्या हिशेबाने घालायची?

कायदा या बाबतीत मुका नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तरतूद कडक आहे. अंमलबजावणीचे काय?

हैदराबादसह अनेक शहरांतील पोलिसांनी कर्कश सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीने मांडले आणि त्यांवर रोडरोलर फिरवला. छायाचित्रे झकास आली. त्या आवाजाने हैराण झालेल्या आजाऱ्यांना आणि वृद्धांना दिलासा मिळाला असेल, तर ते स्वागतार्हच आहे. पण आवाज ऐकू येतो म्हणून सापडतो. संगणकात बदललेली आज्ञावली ऐकू येत नाही, म्हणून ती सापडत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर तिची यांत्रिक तपासणी कोणी करीत नाही. मधल्या काळात उरते ती पीयूसीची चाचणी. पेट्रोल गाडीच्या बाबतीत ती उभ्या गाडीच्या निवांत इंजिनाचा धूर मोजते. ज्या बदलाचा प्रताप भरधाव वेगातच दिसायचा, तो या चाचणीत कसा दिसणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, यापेक्षा निराळे हे काय आहे?

नुसत्या बंदीने हे दुखणे बरे होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मनात आणले तर बदलाला शिस्त कशी लावावी हे शासनाला चांगले ठाऊक आहे. पेट्रोलच्या गाड्यांत गॅसचे संच बसवणे हा इंजिनातील मोठाच बदल, परंतु मान्यताप्राप्त संच आणि नोंदणीपत्रावर नोंद या अटींवर तो देशभर रूढ झाला. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून मोटारींच्या कसोट्या घेण्याच्या कामी आहे. हैदराबादच्याच इट्रिओ कंपनीने जुन्या मोटारींत विजेची मोटर बसवण्याच्या संचासाठी याच संस्थेची मान्यता मिळवली होती. त्याच शहरात बहादूरपुऱ्याला सुधाकर यादव यांनी २०१० मध्ये उघडलेल्या संग्रहालयात बूट, चेंडू, पुस्तक अशा आकारांच्या, हाताने घडवलेल्या चालत्या मोटारी आहेत. या मातीत कारागिरीची वाण नाही. तिला राजमार्ग नसला की ती आडवाटेला लागते, इतकेच.

तेव्हा करावे काय? इंजिनात बदल करणाऱ्या गॅरेजांना परवाना असावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक असावे. आज पकडला जातो तो मालक, आणि पैसे मोजून घेतलेला गॅरेजवाला नामानिराळा राहतो, हे थांबले पाहिजे. ताकद वाढवायची तर त्या प्रमाणात ब्रेक व टायर बदलल्याचा आणि धुराची मर्यादा पाळल्याचा दाखला आधी मिळवावा. संगणकातील मूळ आज्ञावली शाबूत आहे की नाही हे तपासण्याची साधने वाहतूक खात्याकडे असावीत. आणि ज्यांना केवळ शर्यतीचीच हौस आहे, त्यांच्यासाठी बंदिस्त धावपट्ट्या असाव्यात. दक्षिणेत चेन्नईजवळ आणि कोईमतूरला त्या आहेत. ती हौस तेथे खुशाल भागवावी. पोराटोरांच्या आणि पादचाऱ्यांच्या रस्त्यावर तिला जागा नाही.

हैदराबाद दूर आहे म्हणून गोमंतकीयांनी निश्चिंत राहावे, अशी परिस्थिती नाही. नव्या झुआरी पुलासारखे रुंद, मोकळे मार्ग आपल्याकडेही आले आहेत. फटफटत जाणाऱ्या मोटारसायकलींनी गावागावांतील माणसांची झोपमोड होतेच. आपले बाकीचे रस्ते मात्र तेच आहेत, माडांच्या आणि कुंपणांच्या मधून वळणे घेत जाणारे. कोणत्याही वळणावर शाळेतून परतणारे मूल असू शकते. मुलाच्या हट्टापायी त्याच्या गाडीच्या 'कामा'चे पैसे मोजणाऱ्या वडिलांनी हे ध्यानात घ्यावे. हुसेनसागराच्या काठी जगातले निष्णात चालक नियमाने घातलेली मर्यादा मुकाट्याने पाळत होते. त्यांच्यापेक्षा आपला मुलगा अधिक कुशल आहे काय, एवढा एकच प्रश्न त्यांनी पाकिटात हात घालण्यापूर्वी स्वतःस विचारावा.