व्यायामशिक्षकाचें शिक्षण

शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मुलानें पुढें काय व्हावें, या प्रश्नाचीं ठराविक उत्तरें बहुतेक घरांत तयार असतात. डॉक्टर, एंजिनियर, वकील, बँकेंतील अधिकारी, इतक्यांत तीं संपतात. एखाद्या मुलानें किंवा मुलीनें “मला व्यायामाचे वर्ग घ्यावयाचे आहेत” असें म्हटलें, तर घरांतील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. “त्यांत शिकण्यासारखें आहे तरी काय? आपण उड्या मारावयाच्या आणि दुसऱ्यांकडून मारवून घ्यावयाच्या!” असा पालकांचा अभिप्राय पडतो. उलटपक्षीं, कित्येक तरुणांची अशी समजूत असते कीं, दंड पीळदार झाले, आरशापुढें उभें राहिल्यावर समाधान वाटूं लागलें, म्हणजे आपण दुसऱ्यास शिकविण्यास पात्र झालों. वरवर पाहतां हे दोन पक्ष परस्परविरुद्ध दिसतात. परंतु आमच्या मतें दोघेही एकाच भ्रमांत आहेत. या कामास शिक्षण लागत नाहीं, असें दोघांसही वाटतें. त्या भ्रमाचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सामुदायिक व्यायाम ही कांहीं आपल्याकडे बाहेरून आलेली नवलाई नव्हे. हलगीच्या ठेक्यावर लेझीम खेळणारा मेळा पहा. पुढें उभा असलेला म्होरक्या चाल बदलण्यापूर्वीं खूण करतो आणि सारी रांग एकदम वळते. या कलेस शिस्तबद्ध शिक्षणाची जोड देण्याचे प्रयत्नही आपल्या देशांत लवकर झाले. अमरावती येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापन केलें. मद्रास येथें हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं वाय्. एम्. सी. ए. चें शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलें. मुंबई सरकारनें १९३८ सालीं कांदिवली येथें व्यायामशिक्षकांसाठीं संस्था काढली. गणिताच्या शिक्षकास जसें अध्यापनाचें शिक्षण हवें, तसेंच तें कवाईत घेणाऱ्यासही हवें, हें या सर्वांनीं ओळखलें होतें. शंभर वर्षें उलटून गेल्यावरही तीच गोष्ट पालकांस पुन्हां सांगावी लागते, याचें नवल वाटतें.

आज शहरोशहरीं ‘एरोबिक्स’, ‘स्टेप’, ‘झुंबा’ इत्यादि नांवांनीं जे वर्ग चालतात, त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेच्या वायुदलांतील डॉक्टर केनेथ कूपर यांचें ‘एरोबिक्स’ हें पुस्तक १९६८ सालीं निघालें. पुढच्याच वर्षीं जॅकी सोरेन्सन व ज्युडी शेपर्ड मिसेट या दोघी स्त्रियांनीं, एकमेकींपासून स्वतंत्रपणें, नृत्य व व्यायाम यांची सांगड घालून वर्ग चालू केले. १९८२ सालीं जेन फोंडा या नटीची व्यायामाची चित्रफीत बाजारांत आली आणि या प्रकाराची लाटच उसळली. लाटेबरोबर शिकविणारेही उदंड झाले. परंतु कठीण जमीन, अयोग्य बूट आणि तासन्‌तास चाललेल्या उड्या यांमुळें नडग्या, घोटे व गुडघे दुखविलेल्यांची संख्या वाढूं लागली. त्यांत खुद्द शिक्षकही होते. उत्साह होता, ज्ञान नव्हतें. अशा स्थितींत शिक्षकांची परीक्षा घेऊन दाखला देण्याची आवश्यकता भासली, आणि आज ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज’ या नांवानें ओळखली जाणारी संस्था १९८५ सालीं उदयास आली. दाखल्याची ही पद्धति कोणाच्या लहरींतून निघालेली नसून दुखावलेल्या गुडघ्यांतून निघालेली आहे, हें ध्यानांत ठेवावें.

या संस्थेचा सामुदायिक व्यायामशिक्षकाचा दाखला मिळविण्यासाठीं उमेदवाराचें वय निदान १८ वर्षें असावें लागतें. तीन तासांत १५० प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. बंद पडलेलें हृदय पुन्हां चालू करण्याच्या प्रथमोपचाराचें प्रमाणपत्र त्याच्याजवळ असावें लागतें. प्रौढ मनुष्याची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळां, निदान पांच सेंटिमीटर खोल कशी दाबावी, हें पुस्तक वाचून येत नाहीं. हातानें करून पाहावें लागतें. शिवाय हा दाखला जन्मभर पुरत नाहीं. दर दोन वर्षांनीं २० तासांचें नवें शिक्षण घेतल्याखेरीज त्याचें नूतनीकरण होत नाहीं. आम्हां शाळाशिक्षकांपैकीं कित्येकांनीं हा नियम मनावर घेण्यासारखा आहे!

आतां या शिक्षणांत शिकावयाचें काय? स्नायूंचीं नांवें व सांध्यांच्या हालचाली हा पहिला धडा. हृदयाच्या गतीचें मोजमाप हा दुसरा. २२० मधून वय वजा करून गतीची कमाल मर्यादा काढण्याची रीत सर्वत्र प्रचलित आहे, पण ती केवळ अंदाजाची आहे. म्हणून शहाणा शिक्षक सोपी कसोटीही जवळ बाळगतो: व्यायाम करतांना मनुष्यास बोलतां येतें पण गातां येत नाहीं, तर श्रम मध्यम, दोन शब्दही धड बोलवत नाहींत, तर श्रम तीव्र. पुढें तालाचा अभ्यास येतो. आठ ठोक्यांचा एक गट, अशा चार गटांचें बत्तीस ठोक्यांचें एक आवर्तन. आवर्तन संपण्यापूर्वीं पुढील हालचालीची सूचना मुखांतून बाहेर पडली पाहिजे. ती उशिरां पडली कीं निम्मा वर्ग उजवीकडे व निम्मा डावीकडे जातो. वर्गाकडे तोंड करून उभा असलेला शिक्षक “डावा पाय” म्हणतो, तेव्हां त्याला स्वतःचा उजवा पाय उचलावा लागतो. हें सोपें वाटत असेल, तर वाचकांनीं घरीं करून पाहावें.

परंतु आमच्या दृष्टीनें या विद्येचें मर्म याहूनही निराळें आहे. व्यायाम करणारा स्वतःकडे पाहतो. व्यायाम शिकविणाऱ्यानें दुसऱ्यांकडे पाहावयाचें असतें. वर्गांत तीस माणसें असतात. पहिल्या रांगेंत चपळ तरुण उभे राहतात. त्यांना शिक्षक नसला तरी चालेल. शेवटच्या रांगेंत कोण असतें? रक्तदाबाची गोळी घेणारे गृहस्थ, बाळंतपणानंतर प्रथमच घराबाहेर पडलेली माता, आपल्या स्थूलपणाची लाज वाटून भिंतीला चिकटलेला मुलगा. वर्ग सुरू होण्यापूर्वीं त्यांच्या प्रकृतीची विचारपूस करणें, प्रत्येक हालचालीचा एक सोपा व एक कठीण प्रकार तयार ठेवणें, आणि सोपा प्रकार करणाऱ्यास कमीपणा वाटूं न देणें, हेंच खरें शिक्षकाचें काम. शेवटच्या रांगेंतील मनुष्य दुसऱ्या दिवशीं पुन्हां आला कीं नाहीं, यावरून शिक्षकाची पारख करावी. त्याच्या दंडाचा घेर मोजून करूं नये.

या बाबतींत जेम्स नेस्मिथ यांचें उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावें. १८९१ च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील वाय्. एम्. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग त्यांच्या स्वाधीन करण्यांत आला. त्याच त्या कवाईतीस कंटाळलेल्या या मंडळींपुढें पूर्वींच्या दोन शिक्षकांनीं हात टेकले होते. नेस्मिथ यांनीं मैदानी खेळ दालनांत आणून पाहिले. तेही साधले नाहींत. तेव्हां त्यांनीं विद्यार्थ्यांस दोष न देतां व्यायामच बदलला. सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले, आणि बास्केटबॉलचा जन्म झाला. हा खेळ एखाद्या पहिलवानाच्या बळांतून निघाला नाहीं. वर्गाचें मन ओळखणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टींतून निघाला.

येथें कोणी विचारील कीं, आमच्या तालमींतील वस्तादांजवळ कोणता दाखला होता? आक्षेप योग्य आहे, आणि त्या वस्तादांविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. पण वस्तादानें स्वतः गुरूच्या नजरेखालीं वर्षानुवर्षें माती अंगाला लावलेली असे. त्याचे पठ्ठेही लहानपणापासून त्याच्या डोळ्यांसमोर वाढत. कोणाचा खांदा कच्चा, कोणाचा दम अपुरा, हें तो जाणून असे. ती दीर्घ ओळख हाच त्याचा दाखला होता. आजच्या शिक्षकापुढें सायंकाळीं सहा वाजतां तीस अनोळखी माणसें येतात व सातास निघून जातात. जेथें ओळख नाहीं, तेथें अभ्यासानें मिळविलेली सावधगिरी तरी असलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप असा कीं, कागदानें माणूस शहाणा होत नाहीं. हेंही आम्हांस मान्य आहे. दोन दिवसांत पैसे घेऊन दिलेल्या दाखल्यास आम्ही कवडीचीही किंमत देणार नाहीं. दाखला देणाऱ्या संस्थेचीच परीक्षा दुसरी एखादी स्वतंत्र संस्था घेते कीं नाहीं, हें उमेदवारानें आधीं पाहावें. आणि चांगला दाखला मिळाला तरी तो पूर्णतेचा शिक्का समजूं नये. तो शिकण्यास आरंभ करण्याचा परवाना होय. एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या शेजारीं उभें राहून कांहीं महिने मदतनीस म्हणून काम केल्याखेरीज स्वतंत्र वर्ग घेऊं नये, असें आमचें मत आहे.

चरितार्थाचा प्रश्न पालकांच्या मनांत असणारच, आणि तो झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. या कामाचा मोबदला पुष्कळदां तासावर मिळतो. वर्ग पहाटे व सायंकाळीं भरतात. पाय दुखावला किंवा घसा बसला कीं मिळकत थांबते. म्हणून ज्यास शाळेंत स्थिर नोकरी हवी, त्यानें पदवीनंतर दोन वर्षांचा बी. पी. एड्. हा अभ्यासक्रम पुरा करावा. इतरांनींही निदान एक पदवी हातीं ठेवूनच या वाटेस लागावें. परंतु मिळकत बेताची म्हणून काम हलकें, हा हिशेब चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें आणि प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. आपल्या किती कुटुंबांत हें प्रमाण साधतें, तें ज्याचें त्यानें मोजावें. तें साधून देणारा मनुष्य समाजाचें औषधपाण्याचें ओझें कमी करीत असतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं ज्यांस हा मार्ग रुचत असेल, त्यांनीं शरीर कमवावेंच. पण त्याबरोबर शरीरशास्त्राचें पुस्तक उघडावें, प्रथमोपचार शिकावे, आणि शाळेच्या कवाईतींत मागें पडणाऱ्या सोबत्यास हंसण्याऐवजीं तो कोठें अडतो हें पाहण्याची संवय आतांपासून लावून घ्यावी. पालकांसही आमची विनंती आहे. मुलास व्यायामाच्या वर्गांत घालतांना शुल्क किती, एवढेंच विचारूं नये. “आपण कोठें शिकलांत? एखाद्यास भोंवळ आली तर काय कराल?” हे दोन प्रश्नही नम्रपणें विचारावे. ज्यास आपल्या विद्येचा अभिमान आहे, तो शिक्षक या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. जो रागावेल, त्याच्या हवालीं आपलें मूल करूं नये.