माहेरच्या वाटेवरचा मासा

"वाटण करून ठेवलंय मी, आणि हा मासा सोडून आला!"

आखाडातला रविवार होता. पुढच्या आठवड्यात श्रावण लागणार, म्हणून घरात जरा घाईच होती, जे काय खायचं ते खाऊन घ्या. नणंदेचा मुलगा पुण्याहून आला होता. येताना लांबलचक पिशवीत रीळवाली काठी, डबीत कसले कसले चमचमते पत्र्याचे तुकडे आणि गळ घेऊन. पहाटे धरणावर गेला, दहाला परत आला, तो मोबाइल पुढं करतच. फोटोत त्याच्या दोन्ही हातांवर आडवा मावेल असा मासा. सोनेरी झाक, रुपयाएवढे खवले, जाड ओठ. "मामी, खडस आहे, महाशीर. चार किलो तरी असेल. वीस मिनिटं झुंजला!"

"आणि कुठाय?" सासूबाई.

"सोडला ना आजी. हे मासे सोडायचे असतात."

सासूबाईंनी पाट्यावरच्या वाटणाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. म्हणाल्या, "खायचा नव्हता तर पकडलास कशाला? त्याच्या तोंडात काटा रुतवून, दमवून, फोटो काढून सोडला म्हणजे पुण्य लागतं होय?"

खरं सांगते, त्या क्षणी मी पूर्ण सासूबाईंच्या बाजूची होते. भूक लागली म्हणून मासा मारणं मला कळतं. भोयाच्या घरात चूल त्यावरच पेटते, तेही कळतं. पण निव्वळ मौजेसाठी एका जिवाला पाण्याबाहेर ओढायचं, हे काही पटेना. हे साहेबांचं खूळ आहे, असंच वाटलं. इंग्रजांनी नाही का काश्मीर, हिमाचल, निलगिरीच्या थंड पाण्यात आपल्या देशातला ट्राउट आणून सोडला, का तर सुट्टीत गळ टाकून बसता यावं म्हणून!

पण हे खूळ नुसतं साहेबांचं नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला, आणि त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून वेगळं प्रकरणच आहे. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, त्याला काय चारावं, गळ कसा असावा, दोरी कशाची. त्याच ग्रंथात स्वयंपाकावरही भरपूर लिहिलंय, म्हणजे राजाचं सासूबाईंशी जमलं असतं. तर ही हौस आपल्याच दख्खनच्या मातीतली, नऊशे वर्षं जुनी आहे.

भाच्याशी मग मी बरंच बोलले. सोडायचा मासा कसा धरायचा, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला जरा नवल वाटलं. गळाला उलटा काटा ठेवायचा नाही, म्हणजे तो चटकन निघतो. हात आधी पाण्यात ओले करायचे, कारण कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो आणि तोच त्याचं रोगराईपासून रक्षण करतो. पाण्याबाहेर जितका कमी वेळ ठेवता येईल तितका कमी. आणि सोडताना नुसता टाकायचा नाही, पाण्यात सरळ धरून ठेवायचा; त्याच्या अंगात त्राण आलं की तो स्वतःच झटका देऊन निघतो. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना आपण मान सांभाळतो ना, तसं काहीसं. (फोटोसाठी मात्र हा पठ्ठ्या माशाला किती वेळ बाहेर धरून उभा होता, हे मी विचारलं, तर उत्तर काही धड मिळालं नाही.)

माझा खरा आक्षेप नंतर सुचला, तोही फोटो पुन्हा बघताना. माशाचं पोट टम्म होतं. मी म्हटलं, "अरे, ही मादी आहे. गाभोळीची आहे!"

खडस किंवा महाशीर म्हणजे काय चीज आहे, हे आपल्याला ठाऊक हवं. शास्त्रज्ञ त्याला 'टॉर खुद्री' म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून हे नाव दिलं, म्हणजे हा मासा मुळात आपल्या अंगणातला. देहूला इंद्रायणीत, वाडा तालुक्यात तिळसे इथं वैतरणेत, महाड तालुक्यात वाळणकोंडला देवीच्या डोहात, लोक पिढ्यान् पिढ्या ज्यांना चुरमुरे घालतात ते देवाचे मासे म्हणजे हेच. पण धरणाच्या साचल्या पाण्यात हा मासा मोठा होतो, लठ्ठ होतो, तरी अंडी घालायला त्याला वाहतं पाणी लागतं. स्वच्छ, गोट्यांवरून खळाळणारं. म्हणून पावसाळ्यात नदी-ओढ्यांना पाणी आलं की धरणातले मासे उलटे वर चढू लागतात. बाळंतपणाला माहेरी निघाल्यासारखे. आणि आपण काय करतो? नेमके त्याच वाटेवर बसतो. चढणीचे मासे म्हणून आपल्याकडं त्यांचं केवढं कौतुक! ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावायचं, बांधावर चढलेले टोपलीनं धरायचे, आणि पोटातून गाभोळी निघाली की घरातली पोरं भांडणार, मला मला. मीही भांडले आहे लहानपणी. तव्यावर तिखट-मीठ लावून परतलेली गाभोळी कुणाला नको असते?

यात आणखी एक गोष्ट आहे. माशांमध्ये मादी जितकी मोठी, तितकी तिच्या पोटात अंडी जास्त. आणि नुसत्या वजनाच्या हिशेबानं नव्हे, त्याहूनही जास्त. पाच किलोची एक मादी म्हणजे एकेक किलोच्या पाच माद्या, असं गणित नसतं. ती पाचांपेक्षा कितीतरी पुढं जाते. रोहू, कटला लाखांनी अंडी देतात. महाशीरची अंडी त्या मानानं फारच थोडी. म्हणजे गळ टाकणाऱ्याला नेमकी जी हवी, फोटोत शोभणारी मोठी, तीच घराची कर्ती बाई असते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आषाढ ते भाद्रपद गळ, जाळं, टोपली, सगळं भिंतीला टांगून ठेवा. मग बाकीचे महिने कुणी खाण्यासाठी धरो की खेळण्यासाठी, त्यावर आपण निवांत भांडू.

"पण मामी, आता हॅचरी असते ना," भाचा म्हणाला. "मत्स्यबीज सोडतातच की दरवर्षी."

असते खरी. आणि तिची गोष्ट आपल्याच लोणावळ्याची आहे. टाटांच्या वीज कंपनीनं वळवण धरणाजवळ १९७०च्या सुमारास महाशीरची पैदास सुरू केली. डॉ. चिं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्यासोबत ओगले, या मंडळींनी हे काम उभं केलं. मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यात नराचं बीज मिसळायचं. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पहिले काही दिवस टाकीच्या कोपऱ्यात डोकं खुपसून पडून राहतात, नव्या घरात बुजलेल्या लेकरासारखी. गंमत म्हणजे, ही अंडी ओल्या कापसात ठेवून विमानानं दूरवर पाठवता येतात, हे याच दोघांनी करून दाखवलं आणि १९७९ साली त्यावर लिहिलं. आपण मोड आणायला मटकी ओल्या फडक्यात बांधतो, तसंच की! इथून निघालेली बोटुकली राज्याबाहेरही कुठं कुठं पोचली. नद्या आटत, नासत चालल्या होत्या, त्या काळात एक मासा टिकवण्यासाठी माणसं एवढी झटली, याचा मला अभिमानच आहे.

पण यापुढची गोष्ट कळली आणि मी गप्प झाले. ही बोटुकली कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीला उंचवटा असलेला, सगळ्या महाशीरांत अवाढव्य. १९४६ साली म्हैसूरजवळ काबिनी नदीत व्हॅन इन्जेन यांनी गळानं धरलेला मासा १२० पौंडांचा होता, म्हणजे ५४ किलोंचा. आपल्याकडचं पाहुणं तिथं रुजलं, वाढलं, आणि घरचं माणूस कमी कमी होत गेलं. धरणं, उपसा, सुरुंग लावून मासे मारणं, अशी दुसरीही कारणं होतीच. पण या पाहुण्याचा वाटा मोठा मानला जातो. हेतू किती चांगला होता! चांगल्या मनानं दिलेलं वाणही कुणाच्या घरात असं जड होतं.

आणि हे कळलं कशावरून? वहीवरून. कावेरीकाठच्या गळवाल्यांच्या शिबिरात रोज कुणी किती मासे धरले, कोणते, किती वजनाचे, हे लिहून ठेवत. १९९८ ते २०१२ पर्यंतची ती नोंद शास्त्रज्ञांनी काढून पाहिली, तेव्हा दिसलं की पाहुण्यांचा आकडा चढतोय आणि उंच पाठीचा वर्षागणिक घटतोय. दुधाच्या, वाण्याच्या वहीवर आपण हसतो. पण त्या वहीनं जे सांगितलं ते कुठल्या सरकारी कागदात नव्हतं. इथं मला गळवाल्यांबद्दलचं माझं मत थोडं मागं घ्यावं लागलं. सोडून देणाऱ्यानंच मोजलं होतं. खाणाऱ्याच्या वहीत फक्त किलो आणि रुपये असतात. शिवाय पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या काही स्थानिकांना त्याच शिबिरांत वाटाड्याचं काम मिळालं होतं, म्हणजे जिवंत मासा त्यांना मेलेल्यापेक्षा जास्त देत होता.

त्या उंच पाठीच्या माशाची आणखी एक गंमत सांगते. इतकी वर्षं साहेबांनी त्याचे फोटो काढले, पण शास्त्रात त्याला धड नाव नव्हतं. २०१८ साली ठरलं की केरळात २००७ मध्ये नोंदवलेला 'टॉर रेमादेवी' तो हाच. रेमादेवी हे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातल्या एका शास्त्रज्ञ बाईंचं नाव. ज्याला पाण्यातला वाघ म्हणतात, तो बाईच्या नावानं ओळखला जातो! पण त्याच वर्षी तो अगदी नष्ट व्हायच्या उंबरठ्यावर असल्याचंही जाहीर झालं.

सासूबाईंना हे सगळं रात्री भाकऱ्या थापता थापता सांगितलं. त्यांनी विचारलं, "बायका नाही का गळ टाकत?" आपल्याकडं काठावर बसलेली बाई मी तरी पाहिली नाही. बाई मासा विकते, निवडते, चिरते, शिजवते. काठी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. मग मी त्यांना स्कॉटलंडच्या जॉर्जिना बॅलंटाइनची गोष्ट सांगितली. १९२२ साली, टे नदीवर, वडिलांबरोबर होडीत बसून तिनं ६४ पौंडांचा साल्मन धरला. शंभर वर्षं उलटली, पण गळानं धरलेल्या साल्मनचा ब्रिटनमधला हा विक्रम पुरुषांना अजून मोडता आलेला नाही. सासूबाई म्हणाल्या, "तिनं सोडला का?" नाही, सोडला नव्हता. "मग शहाणी होती," त्या म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

तरी काहीतरी आत गेलं असावं. यंदा पहिला मोठा पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी नेहमीची भोईणबाई दारात आली. पाटीवरचं ओलं फडकं बाजूला करून म्हणाली, "आज्जी, गाभोळीचा आहे बघा, तुमच्यासाठीच ठेवला."

सासूबाई पाटीवर वाकल्या. बोटानं पोट चाचपलं. मग विचारलं, "धरणातला का चढणीचा?"

भोईणबाई हसली. "खोटं कशाला बोलू? चढणीचाच. रात्री ओढ्याच्या तोंडाला गावला."

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. "दुसरं काय आहे?"

"चिलापी आहे की. पण तुम्हाला नाही आवडत, काटे लागतात म्हणता."

"दे, अर्धा किलो दे," सासूबाई म्हणाल्या, आणि मला आतून ताट आणायला सांगितलं.