अर्धवट भुताचा गेम फुकट देतोय

तीन वर्षं रात्री जागून बनवलेला माझा भुताचा गेम आज फुकट देतोय. पूर्ण झालेला नाही, आधीच सांगतो. कोकणातलं जुनं घर, लाईट गेलेली, हातात कंदील. माजघरापर्यंत नीट चालतो, माडीचा जिना चढलात की बंद पडतो. (ते भूत नाही, माझं कोडिंग!)

"पूर्ण कर, मग विक," असं बरेच जण म्हणाले. पण पूर्ण कधी होणार? नोकरी सांभाळून? मार्चमध्ये हार्ड डिस्क उडाली, त्यात अंगण आणि विहीर दोन्ही गेलं. उरलंय तेही असंच जाईल. आणि अर्धवट मालाचे पैसे मागायचे कुठल्या तोंडाने?

२०१२ मध्ये मार्क हॅडलीने एकट्याने बनवलेला 'स्लेंडर' असाच फुकट दिला होता. रात्रीचं जंगल, टॉर्च, आठ कागद, बस्स. तोही बीटाच होता, तरी जगभर लोक किंचाळले.

आपल्याकडे भुतांच्या गोष्टी घरोघरी, पण मराठीत घाबरवणारा गेम शोधत फिरावं लागतं. म्हणून सोर्स कोडही सोबत टाकलाय. कुणाला माडी पूर्ण करायची असेल तर खुशाल करा. फक्त विकू नका, आणि माजघरातून हाक येते तो माझ्या आजीचा आवाज आहे, तेवढा बदलू नका.