स्वदेशीचा हिशेब

औंढा नागनाथ हे नाव आजवर ज्योतिर्लिंगामुळे सर्वतोमुखी होते. आता गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या नियोजित वेधशाळेमुळेही ते घेतले जाऊ लागले आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा जनतेचा आहे. मग त्यातून घेतला जाणारा माल कोणी घडवावा, हा प्रश्न आपण विचारायला नको काय?

सरकारने त्याचे उत्तर नियमात बांधले आहे. सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा केंद्राचा आदेश जून २०१७ मध्ये निघाला व सप्टेंबर २०२० मध्ये अधिक कडक झाला. मालाच्या किमतीतील निम्मा किंवा अधिक वाटा देशात घडला असेल, तर पुरवठादार पहिल्या वर्गाचा ठरतो.

काहींच्या मते ही निव्वळ उधळपट्टी आहे. स्पर्धक घटले की दर चढतात, हे खरेच. परंतु एरवी या नियमाने देशी पुरवठादाराला जादा दर मिळत नाही. त्याची बोली सर्वांत कमी बोलीच्या २० टक्क्यांच्या आत असली, तर त्याच कमी दराने माल देण्याची संधी तेवढी मिळते. शिवाय खुल्या व्यापाराचे धडे देणाऱ्या अमेरिकेतही १९३३ पासून असा कायदा आहेच.

माझा आक्षेप निराळा आहे. नियम रुपयांचा वाटा मोजतो, कौशल्याचा नाही. अवघड भाग परदेशातून आणून सोपे काम येथे केले, तरी निम्मा वाटा भरू शकतो. १० कोटींपर्यंतच्या खरेदीत तर पुरवठादाराचे स्वतःचे प्रमाणपत्रही चालते.

या वेधशाळेला प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. मापनाची मुख्य यंत्रे अमेरिकेकडून यायची आहेत. इमारती आणि भुजांतील निर्वात नळ्या ही जबाबदारी भारताची. नळीच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी काम फसेल. तेथे ‘देशी आहे, चालवून घ्या’ म्हणून भागणार नाही. मात्र असा सांधा जोडायला जो शिकेल, त्याची विद्या कोणी हिरावून घेऊ शकणार नाही.

लोकांच्या पै-पैशातून १९०८ मध्ये तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. तेथे काच तयार झाली आणि काच करणारी माणसेही. स्वदेशीचा खरा अर्थ हाच.

म्हणून प्रत्येक मोठ्या निविदेत एक अट असावी : ठेकेदाराने जिल्ह्यातील अमुक इतक्या तरुणांना काम शिकवावे, आणि त्याची मोजदाद जाहीर व्हावी. नाहीतर वेधशाळा औंढ्यात उभी राहील आणि आमच्या वाट्याला माती वाहणे व राखण करणे एवढेच येईल. आपण कला शाखेचे विद्यार्थी. सांधे जोडणे आपले काम नव्हे. पण निविदा वाचून प्रश्न विचारणे हे तर आपल्याला जमण्यासारखे आहे!