दिल्लीच्या बाल्कनीला प्रदर्शनातला गुलाब नको

ऑक्टोबरच्या मध्यावर दिल्लीत गुलाबाची छाटणी सुरू होते आणि त्याच सुमारास नोएडा, गुरुग्राम, द्वारका भागातल्या रोपवाटिकांपुढे गुलाबाच्या कुंड्यांच्या रांगा लागतात. त्यांत बहुतेक हायब्रीड टी असतात. लांब सरळ दांडा, त्यावर एकच भरदार फूल, आणि लाल, पिवळ्या, केशरी रंगांची चढाओढ. डिसेंबर ते फेब्रुवारी हे गुलाब दिल्लीत फार सुंदर फुलतात. देशाच्या मैदानी भागात गुलाबाला इतका मानवणारा हिवाळा क्वचितच सापडेल, हे मान्यच केले पाहिजे. पण फसगत इथेच होते. आपण गुलाब निवडतो तो त्याच्या उत्तम तीन महिन्यांकडे पाहून. त्या झाडाला आपल्या कुंडीत काढायचे असतात बारा महिने. म्हणून लहान अंगण, गच्ची किंवा बाल्कनी एवढीच जागा असलेल्यांनी प्रदर्शनाच्या टेबलावर शोभणारा गुलाब सोडून द्यावा आणि बुटका, पसरणारा, झुबक्यांनी फुलणारा पांढरा गुलाब लावावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

उरलेल्या नऊ महिन्यांचा विचार करा. २९ मे २०२४ रोजी सफदरजंगच्या वेधशाळेत ४६.८ अंश तापमानाची नोंद झाली. हा आकडा सावलीतल्या हवेचा. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारभर तापलेल्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती मुळांना अक्षरशः भाजून काढते, कारण जमिनीतल्या झाडासारखी खोल, गार मातीत उतरण्याची सोय कुंडीतल्या मुळांना नसते. त्या उन्हाळ्यातून वाचलेले झाड जुलैत दमट हवेत सापडते. पानांवर काळे ठिपके येतात, पाने गळतात, छाटलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत जाते. माळी याला ‘डायबॅक’ म्हणतात आणि हायब्रीड टी त्याला लवकर बळी पडतात. उपाय ठरलेला असतो: दर काही दिवसांनी बुरशीनाशक, मध्येच कीटकनाशक. दोन एकरांच्या बागेत आणि प्रशिक्षित माळ्याच्या हाताखाली हे चालून जाते. पण जिथे शेजारची बाल्कनी सहा फुटांवर आहे, दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत आहेत आणि फवारा वाऱ्याबरोबर कुठे जाईल यावर कोणाचा ताबा नाही, तिथे विषारी फवारणीवर जगणारे झाड ठेवणे योग्य नाही. माझ्या लेखी हा मुद्दा सौंदर्यापेक्षा मोठा आहे.

जमीन झाकणाऱ्या गुलाबांचे कूळ वेगळे आहे. त्यांतल्या पुष्कळांच्या मुळाशी रोझा विचुराना ही पूर्व आशियाच्या किनाऱ्यांवर सरपटत वाढणारी जात आहे. लवचीक फांद्या, टेकतील तिथे मुळे धरण्याची सवय, लहान चकचकीत पाने आणि पांढरी फुले. या आणि अशाच वेलीगुलाबांच्या वंशातून पाश्चात्त्य पैदासकारांनी बुटके पसरट गुलाब घडवले. अमेरिकेचा ‘सी फोम’ १९६४ चा. नंतर फ्रान्सचा ‘स्वानी’, डेन्मार्कचा ‘केंट’ आणि जर्मनीतल्या नोआक यांची ‘फ्लॉवर कार्पेट’ मालिका आली. हे सारे पांढरे, किंवा पांढऱ्या रूपातही मिळणारे. जर्मनीत नव्या गुलाबांची एडीआर नावाची चाचणी होते. तिथे वेगवेगळ्या ठिकाणी काही वर्षे झाडे लावून, औषध न फवारता, पाने कितपत निरोगी राहतात हे पाहिले जाते. गुलाबाची फुलाइतकीच पानांवरूनही परीक्षा करण्याची ही पद्धत आपण उचलावी अशी आहे. तिचे निकाल मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. जर्मनीत टिकाऊ ठरलेला गुलाब तिथली थंडी आणि तिथली बुरशी सोसतो. जूनमधली दिल्लीची लू त्याने पाहिलेली नसते. परदेशी लेबलावरच्या ‘कमी देखभाल’ या शब्दांना इथे आपोआप अर्थ येत नाही.

मग इथे काय आहे? दिल्लीजवळ उत्तर तयार होते, आपण ते पुढे नेले नाही. पुसाची कृषी संशोधन संस्था बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ मध्ये दिल्लीला आली. तिथले बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे मोठे पैदासकार. तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या ‘एनपी ८०९’ या गव्हाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९६५ मध्ये ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. याच माणसाने गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती घडवल्या आणि ‘द रोझ इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. त्यांचा ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा हायब्रीड टी आजही नाव राखून आहे. पण लहान जागेसाठी मला त्यांचा ‘हिमांगिनी’ हा झुबक्यांचा फ्लोरिबंडा अधिक मोलाचा वाटतो. गव्हात रोगप्रतिकार ही पहिली अट होती. गुलाबात ती पहिली अट राहिली नाही; फुलाचा आकार, रंग आणि दांड्याची लांबी यांनाच बाजाराने आणि प्रदर्शनांनी मान दिला. दक्षिणेत कोडईकनालच्या एम. एस. वीरराघवन यांनी वेगळी वाट धरली. बंगालच्या ओलसर सखल भागात वाढणारी, पांढऱ्या फुलांची रोझा क्लायनोफायला ही आपली देशी जात घेऊन त्यांनी उष्ण हवेचे गुलाब घडवायला घेतले. कमी देखभालीचा भारतीय गुलाब याच दिशेने येईल, असे मला वाटते.

तोवर दिल्लीकराला सहज मिळण्यासारखा गुलाब म्हणजे ‘आइसबर्ग’. जर्मनीच्या कोर्डेस यांनी तो १९५८ मध्ये आणला आणि १९८३ मध्ये तो जागतिक गुलाबसंघाच्या सन्मानयादीत गेला. काटेकोरपणे पाहता तो जमीन झाकणारा गुलाब नव्हे, फ्लोरिबंडा आहे. पण वेलीसारखा चढणारा प्रकार टाळून झुडपी ‘आइसबर्ग’ घेतला आणि हलका छाटत राहिले तर तो रुंद, सैल वाढतो आणि एका हंगामात अनेकदा फुलतो. त्याहून लहान कुंडीसाठी पांढरा बटण गुलाब आहे. त्याच्या फांद्या कुंडीच्या काठावरून खाली उतरतात, माती आणि कुंडीची बाजू सावलीत ठेवतात.

पांढराच का? गडद लाल पाकळ्या एप्रिलच्या उन्हात कडेने करपतात आणि करपणे लगेच दिसते. पांढऱ्याचा रंग उडण्याची भीती नाही. शिवाय नोकरदार माणूस हिवाळ्यात घरी पोचतो तेव्हा सूर्य मावळलेला असतो; त्या उजेडात लाल गुलाब काळा दिसतो आणि पांढरा दिसत राहतो. याची दुसरी बाजूही आहे. फुलकिड्यांना फिकट फुले आवडतात आणि फेब्रुवारीअखेर ते पांढऱ्या कळ्यांवर उतरतात, पाकळ्यांना तपकिरी डाग पडतात. यावर औषध मारत बसण्यापेक्षा त्या बहरातली डागाळलेली फुले कात्रीने उतरवून पुढच्या बहराची वाट पाहणे शहाणपणाचे. झुबक्यांच्या गुलाबात ते परवडते. ज्याच्या फांदीवर एकच फूल आहे, त्यात परवडत नाही.

गंधाचा आक्षेप खरा आहे. या गुलाबांना वास थोडा, काहींना जवळजवळ नाही. ज्यांना वास हवा, त्यांनी शेजारी मोगरा लावावा. मग नुसता मोगरा किंवा तगरच का नको, हा प्रश्नही रास्त आहे. ज्या बाल्कनीला पाच-सहा तास थेट ऊन मिळत नाही, तिथे कोणताही गुलाब लावू नये, तगर लावावी. याबाबत मी गुलाबाची बाजू घेणार नाही. पण मोगरा फुलतो उन्हाळ्यात, तगरीचा भर उन्हाळ्या-पावसाळ्यात. नोव्हेंबर ते मार्च, दिल्लीत बाहेर बसण्याजोगे जे महिने आहेत, त्यांत बारमाही झुडपांपैकी गुलाबासारखे फुलणारे फारच थोडे. पाण्याचा प्रश्न सगळ्यांत गंभीर. जून २०२४ मध्ये दिल्लीच्या पाण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अशा शहरात मे महिन्यात फुलांसाठी गुलाबाला पाणी पाजू नये. मे-जूनमध्ये त्याला नुसता जगू द्यावा: कळ्या खुडाव्यात, खत थांबवावे, कुंडी सकाळच्या उन्हाच्या बाजूला सरकवावी आणि मातीवर कडुनिंबाच्या वाळक्या पानांचा दोन इंची थर द्यावा. मार्च-एप्रिलमध्ये ही पाने दिल्लीच्या रस्त्यांवर ढिगांनी पडतात आणि ती जाळायला बंदी आहे. कुंडीत त्यांचा उपयोग आहे.

बाकी काम थोडे आहे. कुंडी १२ ते १४ इंची, शक्यतो मातीची, तळाचे भोक मोकळे. शक्य असेल तर डोळा भरलेल्या कलमापेक्षा फाट्यापासून स्वतःच्या मुळांवर वाढवलेले रोप घ्यावे. कलमी रोपाच्या खुंटातून रानटी फूट येते, नवख्याला ती ओळखू येत नाही आणि दोन वर्षांत मूळ गुलाब तिच्याखाली दबून जातो. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा, जमल्यास पावसाच्या पाण्याने, कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्यावे, नाहीतर पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऑक्टोबरात खरड छाटणी नको. कात्रीने तिसरा हिस्सा कमी केला तरी पुरे.

ग्राहकाने हे सगळे ठरवले तरी रोपवाटिकेत कुंडीवर बहुधा फुलाचा फोटो असतो, जातीचे नाव नसते. पुसा संस्थेने आणि शांतिपथावरच्या गुलाबबागेसारख्या बागा सांभाळणाऱ्या नवी दिल्ली नगरपालिकेने एक वाफा औषधाविना राखावा, त्यात पांढऱ्या, पसरणाऱ्या जाती लावाव्यात आणि कोणत्या जाती दोन उन्हाळे व दोन पावसाळे काढून हिरव्या राहिल्या याची यादी लोकांसमोर ठेवावी. प्रदर्शन जानेवारीत भरते तसे ते सप्टेंबरातही भरवावे, फुलांऐवजी पानांचे. आणि या ऑक्टोबरात रोपवाटिकेत जाणाऱ्यांनी विक्रेत्याला रंगाआधी विचारावे, की हे झाड मे महिन्यात तुमच्याकडे कुठे ठेवलेले होते.