सरासरीचें स्तोम

दहावीच्या गणिताचें २०१८ सालीं निघालेलें आमच्या मंडळाचें पुस्तक ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं त्यांतील सांख्यिकीचें प्रकरण एकदां उघडून पाहावें. वर्गीकृत आंकड्यांचा मध्य काढण्याच्या तेथें तीन रीती दिल्या आहेत: सरळ पद्धत, गृहीतमध्य पद्धत आणि मध्यप्रमाण विचलन पद्धत. तिन्ही रीतींनीं उत्तर एकच येतें. भेद एवढाच कीं दुसऱ्या व तिसऱ्या रीतींत पेन्सिलीनें करावयाचे गुणाकार लहान होतात. गणकयंत्र कोणाच्या हातीं नव्हतें त्या काळची ही श्रमबचत, तें प्रत्येकाच्या खिशांत असतांना आम्ही मुलांकडून घोकून घेतों, आणि तिलाच संख्याशास्त्राचें शिक्षण म्हणतों! हे आंकडे कोणीं गोळा केले, कशासाठीं केले, कोणतीं माणसें त्यांतून वगळलीं गेलीं, हें विचारण्याची वेळ परीक्षेंत मुलावर येत नाहीं.

या शिक्षणाचे कैवारी म्हणतात कीं आधीं आंकडेमोड पक्की होऊं द्या, अर्थ पुढें आपोआप कळेल. हें 'आपोआप' आम्हांस मान्य नाहीं. डॅनियल कानेमन व एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ९५ कॉलेजविद्यार्थ्यांस घातलेला एक प्रश्न आहे. एका गांवांत दोन रुग्णालयें. मोठ्यांत रोज सुमारें ४५ मुलें जन्मतात, लहानांत सुमारें १५. ज्या दिवशीं जन्मलेल्यांत मुलगे शेंकडा ६० हून अधिक भरले, असे दिवस वर्षांत कोठें अधिक येतील? 'दोन्हींकडे जवळजवळ सारखेच' असें ५३ जणांनीं सांगितलें. मोठें म्हणणारे २१ आणि लहान म्हणणारे २१. बरोबर उत्तर लहान रुग्णालय हें आहे. मुलगा व मुलगी यांचा संभव समसमान धरून हिशेब केला तर लहानांत असे दिवस वर्षाला सुमारें ५५ येतात, मोठ्यांत सुमारें २५. मुलग्यांच्या प्रमाणाची सरासरी मात्र दोन्हींकडे एकच! ज्या बुद्धीस केवळ सरासरी ठाऊक, तिला येथें सरासरीच फसविते. कारण सरासरीभोंवतीं आंकडे किती पसरतात हें पाहण्याची संवय तिला कोणी लावलेली नसते.

पण पसरणें हा अर्धाच प्रश्न झाला. आंकडा मुळांत जन्मतो कसा, हा दुसरा अर्धा. आणि त्यासाठीं आम्हांस अमेरिकेंत जावयास नको. साताऱ्याकडील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचें कार्य आमच्या किती सुशिक्षित घरांत ठाऊक आहे? पीक किती आलें हें ठरविण्यासाठीं शेतांतील एक तुकडा आंखून घेतात, त्यावरील पीक कापून तोलतात, आणि अशा अनेक तुकड्यांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधतात. तुकडा लहान असला कीं काम स्वस्त आणि जलद. म्हणून लहान तुकड्यांस पुरस्कर्ते लाभले, व त्यांत प्रशान्तचंद्र महालनोबीस यांच्यासारखे थोर पुरुष होते. सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखविलें कीं लहान तुकडा पीक वाढवून सांगतो. कां? तर कडेवर उभें असलेलें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा संशय आला म्हणजे कापणाराचा हात तें आंत ओढतो. (येथें लबाडीचा संबंध नाहीं, प्रामाणिक माणूसहि हेंच करतो.) एक मीटर बाजूच्या चौकोनास दर चौरस मीटरामागें चार मीटर कड असते, दहा मीटर बाजूच्या चौकोनास अवघी चाळीस सेंटिमीटर. म्हणजे संशयाची जागा लहान तुकड्यांत दहापट. आतां असे दहा हजार लहान तुकडे कापा, आणि गृहीतमध्य घ्या वा घेऊं नका. आंकडे वाढवाल तसतशी ती चूक अधिकच ठाम स्वरांत बोलूं लागेल! देशांत धान्य किती आहे याचा अंदाज ज्या विळ्याच्या टोंकावर लटकतो, तो विळा मध्यप्रमाण विचलनाच्या कोष्टकांत कोणत्या रकान्यांत लिहावयाचा?

पुढें १९७१ सालीं पुण्याच्या गोखले संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं भारतांतील दारिद्र्य मोजतांना दरडोई दररोज सरासरी २२५० उष्मांकांची कसोटी घेतली. सुखात्मे यांचा आक्षेप असा कीं सरासरी गरज ही प्रत्येकाची गरज नव्हे. निरोगी माणसांतहि ती माणसागणिक बदलते, आणि त्याच माणसाची दिवसागणिक बदलते. तेव्हां रेघेखालचा प्रत्येक जण कुपोषित धरतां येणार नाहीं. दांडेकरांनीं उलट सांगितलें कीं दारिद्र्य निराळें आणि कुपोषण निराळें. आमचा कल दांडेकरांकडे आहे. रेघ खालीं ओढली कीं कागदावरचे कोट्यवधि भुकेले एका रात्रींत नाहींसे होतात, याचें आम्हांस भय वाटतें. तरी सुखात्मे यांचा आक्षेप पोकळ नव्हता, व त्यास उत्तर देणें भाग होतें. हा वाद पुण्यांत, आमच्या दाराशीं पेटला होता. भुकेलेला कोणास म्हणावें याचा तो वाद. आणि मध्य काढण्यांत पैकीच्या पैकी गुण मिळविलेलीं आमचीं घरें तो दुरून पाहत राहिलीं.

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतों. असला विषय शिकविला तर सर्वांचें उत्तर एक येणार नाहीं, मग गुण द्यावे कसे? जॉर्ज कॉब व डेव्हिड मूर या अमेरिकन अध्यापकांनीं १९९७ सालींच मांडलें कीं संख्याशास्त्रांतील आंकडा ही नुसती संख्या नसते, तिला संदर्भ असतो, म्हणून तो विषय गणिताहून निराळ्या रीतीनें शिकवावा लागतो. शाळेमागच्या रानांत सुतळीचे दोन चौकोन, एक हातभर व एक दहा हात बाजूचा, टाकून गवताचीं रोपें मुलांनीं मोजावीं. उत्तरें निराळीं येतील, यावींतच. कडेवरचें रोप आपण आंत कां घेतलें हें ज्यानें लिहिलें त्यास गुण द्यावे. साहित्य म्हणून पन्नास हात सुतळी पुरे. मंडळानें पुढच्या आवृत्तींत गृहीतमध्याचीं पानें काढून त्यांच्या जागीं ही सुतळी घालावी, आणि तीं पानें गेल्यानें कोणत्या मुलाचें काय बुडालें तें त्या पानांच्या कैवाऱ्यांनीं याच मासिकांत लिहून कळवावें.