दहा वर्षांची ‘गॅप’

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतला एक मुलगा परवा घरी परतला. मुलगा कसला, ३४ वर्षांचा मेजर! सैन्यातल्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनची १० वर्षे पुरी झाली. पेढे देताना म्हणाला, “काका, आता अर्थशास्त्रात एम. ए. करायचं म्हणतो.” त्याची आई गप्प झाली. या वयात चांगली नोकरी धरायची सोडून पुन्हा दप्तर?

पुढे प्रवेशासाठी त्याच्याकडे स्टॅम्प पेपरवर ‘गॅप’चे प्रतिज्ञापत्र मागण्यात आले. सीमेवर काढलेल्या हिवाळ्यांचा हिशेब नोटरीपुढे! तो हसला. मला मात्र हसू आले नाही. बँकेत असताना शैक्षणिक कर्जाच्या अर्जात मधली वर्षे रिकामी दिसली, की मीसुद्धा तिथे पेन्सिलीने खूण करीत असे.

तेव्हा मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आठवायला हवे होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. बडोद्यात महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली; पण जातीमुळे राहायला जागाही मिळेना. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले. मुख्य म्हणजे, चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाने त्यांना दिली होती. १९२३ साली ते डी. एस्सी. झाले. दार उघडे राहिले, म्हणून हे घडले.

अमेरिकेने १९४४ साली कायदाच केला. शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च सरकारने उचलला, आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. आपण नोकरीचा विचार केला; सरकारी बँकांत कारकुनांच्या साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखल्या. शिकण्याचा विचार मात्र त्या मानाने कमीच झाला. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बहुतेक तरुण घरी परतायचे आहेत. त्यांच्या लष्करी प्रशिक्षणाला इग्नूच्या पदवीत निम्मे श्रेयांक देण्याचे ठरले, हे उत्तम. पण पदवीच्या पुढे काय?

मागणे फार मोठे नाही. प्रतिज्ञापत्राऐवजी सैन्याचा सेवामुक्तीचा कागद पुरेसा मानावा. विसरलेले गणित उजळायला पहिल्या सत्रात जादा तास ठेवावेत. आणि घरच्यांनी दोन वर्षे ‘नोकरीचे काय?’ हा प्रश्न विचारू नये. देशासाठी १० वर्षे ज्याने दिली, त्याला आपण दोन द्यायला काय हरकत आहे?

सध्या रात्री सोसायटीच्या ऑफिसात दिवा जळत असतो. तळमजल्यावरचा बारावीतला मुलगा मेजरसाहेबांना कॅल्क्युलस शिकवतो. साहेब त्याला ‘सर’ म्हणतात.